पेट्रोल जीपचें टायमिंग : डेल्को पुनः बसवितांना घ्यावयाची काळजी

महागांव, पुसद व उमरखेड या भागांत आजही एखाद्या वाड्यांत किंवा शेतावरील गोठ्याशेजारीं जुनी पेट्रोल जीप उभी असलेली आढळते. कोणाच्या वडिलांनीं ती सरकारी लिलावांत घेतलेली असते, कोणी हौसेनें बाहेरून आणलेली असते. ट्रॅक्टर व डिझेलच्या गाड्या आल्यापासून तिचें महत्त्व पहिल्यासारखें राहिलें नाहीं. तरी पावसाळ्यांत काळ्या रानांतील पांदणीनें जावयाचें झाल्यास तिची आठवण होतेच.

अशा गाडीच्या मालकांपैकीं दोघां सभासद बंधूंनीं अलीकडे मला एकच प्रश्न विचारला. "डेल्को काढून स्वच्छ केला, पुनः बसविला, आणि तेव्हांपासून गाडी नीट सुरू होत नाहीं, सुरू झाली तरी ओढ घेत नाहीं. हें काय?" मी मिस्त्री नव्हे, महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. परंतु घरच्या जीपवर हें काम मीं पुष्कळदां केलें आहे. एकदां तें चुकीचें केलें, आणि त्या चुकीचें मोल माझ्याऐवजीं दुसऱ्यानें दिलें. ती हकीकत पुढें योग्य जागीं सांगेन. या लेखांत मुख्यतः सांगावयाचें तें एवढेंच कीं, टायमिंग कानानें लावूं नये, खुणेनें लावावें; आणि ती खूण डेल्को उचलण्यापूर्वीं करून ठेवावी.

डेल्को म्हणजे काय

पुस्तकांतून ज्यास डिस्ट्रिब्यूटर म्हणतात त्यासच आपले मिस्त्री डेल्को म्हणतात. हा शब्द एका अमेरिकन कंपनीच्या नांवावरून आला. चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनीं १९०९ सालीं ओहायो राज्यांतील डेटन या शहरीं ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘डेल्को’ झालें. बॅटरी, कॉईल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांच्या योगें ठिणगी पाडण्याची जी रीत केटरिंग यांनीं रूढ केली, तीच आपल्या जीपमध्यें आहे. वस्तु कोणत्याही कारखान्याची असो, नांव मात्र डेल्कोच राहिलें.

आपल्याकडील पेट्रोल जीप ही दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपच्याच वंशांतील. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीप येथें जोडून विकण्यास आरंभ केला. १९५३ सालीं विलिसनें उंच बॉनेटाचा ‘सी. जे. ३ बी’ हा नमुना काढला. पुढें तोच महिंद्रनेंही बनविला. त्यांतील एंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २२०० घन सेंटिमीटरांचें आहे. याच बांध्यांत मागाहून डिझेल एंजिनेंही आलीं. डिझेल एंजिनास ठिणगी लागत नाहीं, म्हणून त्यास डेल्को नसतो. हा लेख पेट्रोल एंजिनापुरताच समजावा.

डेल्कोकडे दोन कामें असतात. पहिलें, पॉइंट उघडून कॉईलकडून नेमक्या क्षणीं ठिणगी मागविणें. दुसरें, ती ठिणगी रोटरच्या द्वारें नेमक्या सिलिंडरच्या प्लगकडे धाडणें. पाटाच्या पाण्याची पाळी लावणारा जसा ठरल्या वेळीं ठरल्या शेतास पाणी देतो, तसेंच हें आहे. पाळी एकाची आणि पाणी दुसऱ्याच्या शेतांत, असें झाल्यास काय होतें हें आपणांस सांगावयास नको. एंजिनाचा मुख्य दांडा दोन फेरे करतो तेव्हां डेल्कोचा दांडा एक फेरा करतो, आणि त्या एका फेऱ्यांत चारही सिलिंडरांची पाळी एकेकदां येते. पाळीचा क्रम १-३-४-२ असा आहे. रेडिएटरच्या बाजूचा तो पहिला सिलिंडर.

ठिणगी आधीं कां पाडावी

दट्ट्या अगदीं वरच्या टोकास पोहोंचला म्हणजे ठिणगी पडावी, असें सहज वाटतें. परंतु पेट्रोल व हवा यांचें मिश्रण एकदम जळत नाहीं. ज्वाला पसरावयास वेळ लागतो. म्हणून दट्ट्या टोकास पोहोंचण्यापूर्वींच ठिणगी पाडावी लागते. या एंजिनांत सावकाश चालीवर ती ५ अंश आधीं पाडावी असें ठरलेलें आहे. मिनिटास ६०० फेरे चालले असतां ५ अंश म्हणजे एका सेकंदाचा सातशेविसावा भाग होतो. मिनिटास ३००० फेरे झाले कीं तेवढेच ५ अंश सेकंदाच्या छत्तीसशेव्या भागांत संपतात, आणि ज्वालेस तेवढा अवकाश पुरत नाहीं. यासाठीं डेल्कोच्या पोटांत लहान वजनें बसविलेलीं असतात. चाल वाढली कीं तीं बाहेर फांकतात व ठिणगी आपोआप आणखी आधीं पडते. आपण लावावयाचें तें मूळचें ५ अंशांचें टायमिंग. पुढचें काम वजनें करतात. मूळच चुकलें तर पुढचें सर्व त्याच प्रमाणांत चुकतें.

उचलण्यापूर्वींच्या चार नोंदी

जमिनीच्या मोजणींत हद्दीचा दगड हलविण्यापूर्वीं त्याची जागा कागदावर आलेली असली पाहिजे, हें आम्हां महसुली लोकांस पहिल्या वर्षींच शिकवितात. डेल्कोसही तोच नियम लावावा. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी, हातब्रेक ओढावा, किल्ली बंद करावी व बॅटरीची एक तार काढावी. नंतर पुढील नोंदी कराव्या.

१. कॅपवरील प्रत्येक तार कोणत्या सिलिंडरच्या प्लगकडे जाते तें पाहून तिला चिंधी किंवा चिकटपट्टी लावून आंकडा लिहावा.

२. कॅप उघडून रोटरचें टोंक कोणत्या बाजूस आहे तें पाहावें आणि त्याच्या समोर डेल्कोच्या कडेवर खिळ्यानें बारीक रेघ ओढावी.

३. डेल्कोचें अंग व एंजिनाचा ठोकळा यांवर समोरासमोर एकेक रेघ ओढावी.

४. डेल्को बाहेर असतांना एंजिन फिरवूं नये. हँडल काढून दूर ठेवावें. घरांत मुलें असल्यास हें विशेष पाळावें.

या चार नोंदी असल्यास डेल्को पूर्वींच्याच जागीं बसतो आणि पुढें थोडीशीच दुरुस्ती उरते. नोंदी नसतील, किंवा मध्यंतरीं एंजिन फिरलें असेल, तर पुढील रीतीनें प्रथमपासून आरंभ करावा.

पहिल्या सिलिंडरची वेळ शोधणें

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढावा. एकानें त्या भोंकावर आंगठा धरावा व दुसऱ्यानें हँडलानें एंजिन सावकाश फिरवावें. आंगठ्यास आंतून हवेचा जोर लागला म्हणजे दाबाची धांव चालू झाली असें समजावें. ही परीक्षा टाळूं नये. कारण पुलीवरील खूण चार धांवांच्या एका चक्रांत दोनदां समोर येते. एकदां दाबाच्या शेवटीं आणि एकदां धूर बाहेर टाकण्याच्या शेवटीं. नुसती खूण पाहून काम केलें तर निम्म्या वेळां तें उलटें पडेल.

हवेचा जोर लागल्यावर आणखी हळू फिरवून पुलीवरील खांच पुढच्या झांकणावरील ५ अंशांच्या खुणेसमोर आणावी. कांहीं जुन्या एंजिनांत ही खूण मागें फ्लायव्हीलवर असते व घरावरील लहान खिडकींतून दिसते. खूण मळीनें झांकलेली असल्यास रॉकेलानें पुसून तींत थोडा पांढरा रंग भरावा. खूण नेहमीं एंजिन ज्या दिशेनें फिरतें त्याच दिशेनें येऊन गांठावी. पुढें गेल्यास नुसतें मागें आणून थांबूं नये. बरेंच मागें घेऊन पुनः पुढें यावें. तसें न केल्यास दांत्यांतील ढिलेपणामुळें दोन-तीन अंशांचा फरक राहून जातो.

डेल्को बसविणें

या जीपमध्यें डेल्कोच्या दांड्याचें टोंक खालीं ऑईल पंपाच्या दांड्याशीं खांचेनें जोडलेलें असतें. ती खांच मध्यावर नसून एका बाजूस सरकलेली आहे; म्हणून तो एकाच रीतीनें आंत बसतो. डेल्को भोंकांत सोडून रोटर बोटांनीं हळू फिरवावा. खांच जुळली कीं डेल्को आपल्या वजनानें खालीं उतरतो व ठोकळ्यास चिकटून बसतो. मध्यें फट राहिल्यास बोल्टानें ओढून तो बसवूं नये. तसें केल्यास पंपाचें किंवा दांड्याचें टोंक मोडतें.

डेल्को बसल्यावर रोटरचें टोंक ज्या घराकडे असेल तें पहिल्या प्लगचें घर. तेथून रोटर ज्या दिशेनें फिरतो त्या दिशेनें १, ३, ४, २ अशा तारा लावाव्या. या एंजिनांत वरून पाहिलें असतां रोटर घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतो. तरीही हँडल थोडें फिरवून स्वतःच्या डोळ्यांनीं एकदां खात्री करून घ्यावी व मग एंजिन पुनः खुणेवर आणावें. ऑईल पंपच काढलेला असेल तर मात्र वरील खात्री उरत नाहीं. पंप एका दांत्यानें पुढें-मागें बसला तरी रोटर दोन घरांच्या मध्येंच कोठें तरी थांबतो. अशा वेळीं जाणत्या मिस्त्रीस बोलवावें हें उत्तम.

आधीं पॉइंट, मग टायमिंग

टायमिंग लावण्यापूर्वीं पॉइंटची फट ठीक करावी. पॉइंट पूर्ण उघडलेले असतांना विलिस नमुन्याच्या डेल्कोंत फट २० थाऊ, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर असावी. प्लगची फट ३० थाऊ ठेवावी. डेल्को दुसऱ्या बनावटीचा असल्यास त्याचें माप त्याच्या माहितीपत्रकांतून घ्यावें. हा क्रम उलटा करूं नये. कारण फट वाढविली कीं पॉइंट आधीं उघडूं लागतात व टायमिंग पुढें सरकतें, आणि फट कमी केली कीं तें मागें पडतें. टायमिंग लावून मग फट बदलणारा आपलें केलेलें काम आपणच मोडतो. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर नवे घालावे.

दिव्यानें टायमिंग लावणें

या कामास महाग उपकरण लागत नाहीं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असल्यास १२ व्होल्टचा, ६ ची असल्यास ६ चा एक लहान बल्ब व दोन तारा पुरेत. एंजिन ५ अंशांच्या खुणेवर उभें ठेवावें. दिव्याची एक तार डेल्कोस जेथें कॉईलची बारीक तार येते त्या जागीं जोडावी, दुसरी एंजिनाच्या स्वच्छ लोखंडास लावावी. बॅटरीची तार पुनः जोडून किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असतील तोंवर दिवा विझलेला राहतो. उघडले कीं लागतो. दिवा ज्या क्षणीं लागतो तोच ठिणगीचा क्षण.

आतां क्लॅम्पचा बोल्ट थोडा सैल करून डेल्को प्रथम रोटरच्या दिशेनें थोडा फिरवावा, म्हणजे दिवा विझेल. मग रोटरच्या उलट दिशेनें अगदीं सावकाश आणावा. दिवा लागतांच थांबावें व बोल्ट आवळावा. रोटरच्या उलट फिरविल्यास ठिणगी आधीं पडते, रोटरच्या दिशेनें फिरविल्यास उशिरां पडते, एवढें सूत्र ध्यानांत ठेवावें. नंतर हँडलानें पूर्ण दोन फेरे देऊन पुनः खुणेजवळ यावें व दिवा बरोबर खुणेवरच लागतो कीं नाहीं तें पाहावें. बोल्ट आवळतांना डेल्को बहुधा किंचित् सरकतो. ही दुसरी पाहणी त्यासाठींच आहे. एंजिन उभें असतां किल्ली फार वेळ चालू ठेवूं नये, कॉईल तापते.

कानावर विसंबूं नये

बरेच जुने मिस्त्री दिवा लावीत नाहींत. एंजिन चालू ठेवून ते डेल्को फिरवीत जातात. खटखट ऐकूं आली कीं थोडा मागें घेतात व तेथेंच आवळतात. त्यांच्या तारुण्यांत ही रीत बरीचशी चाले. आज ती फसवी झाली आहे. युद्धकाळांतील जीपचें एंजिन सत्तरच्या आसपास ऑक्टेनच्या हलक्या पेट्रोलवर चालावें अशा बेतानें, कमी दाबाचें केलेलें होतें. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलचें ऑक्टेन ९१ किंवा त्याहून अधिक असतें, व २०२५ पासून त्यांत सर्वत्र २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. आपल्याच उसापासून व मक्यापासून होणाऱ्या या इथेनॉलचा गुण असा कीं, तें खटखट आणखी दाबून टाकतें. म्हणून ठिणगी फार आधीं पडूं लागली तरी एंजिन तक्रार करीत नाहीं. कान म्हणतो सर्व ठीक आहे, आणि टायमिंग मात्र खुणेच्या कितीतरी पुढें गेलेलें असतें.

२०२३ सालीं मीं हेंच केलें. त्या वर्षीं पाऊस उशिरां आला आणि पेरणीची सर्वांचीच घाई झाली. डेल्को स्वच्छ करून बसविला; दिवा लावण्याचा कंटाळा केला. एंजिन चालू ठेवून डेल्को थोडथोडा फिरवीत गेलों. चाल चढली, आवाज गुळगुळीत झाला. खटखट कोठेंही ऐकूं येईना, म्हणून आणखी थोडा फिरविला व आवळला. गाडी दोन दिवस चांगली पळाली, आणि माझ्या हाताचें मला कौतुक वाटलें.

तिसऱ्या दिवशीं बॅटरी उतरली. बियाण्याच्या पिशव्या शेतावर न्यावयाच्या होत्या. आमच्या सालदार गड्यानें नेहमींप्रमाणें हँडल मारलें. दट्ट्या वर चढत असतांनाच ठिणगी पडली, एंजिन उलट फिरलें व हँडल त्याच्या हातांत उलटून आलें. त्याचें उजवें मनगट मोडलें. यवतमाळास नेऊन प्लास्टर घातलें. ऐन डवरणीच्या दिवसांत तो दीड महिना हात गळ्यांत बांधून बसून राहिला. संध्याकाळीं मीं दिवा लावून पाहिलें. पॉइंट खुणेच्या आधीं, पुलीच्या कडेवर चांगलें एक बोटभर अलीकडे उघडत होते. अंशांत तें अंतर पंधराच्या घरांत जातें. दवाखान्याचा खर्च मीं केला व त्याचें साल पुरें दिलें. परंतु आजही थंडीच्या दिवसांत विळा धरतांना तो मध्येंच थांबून मनगट चोळतो, तें मला दिसतें.

मनगटाजवळील हाडाच्या एका विशिष्ट मोडीस डॉक्टर लोक ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात, तें मोटारीच्या हँडलाच्या अशाच तडाख्यांवरून. ज्या केटरिंग यांच्या कंपनीवरून डेल्को हें नांव पडलें, त्यांनींच पुढें विजेचा स्टार्टर सिद्ध केला व तो १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर बसूं लागला. हँडलाच्या श्रमांतून व धोक्यांतून माणूस त्यामुळें सुटला. आपली जीप हँडलानें सुरू करावयाची वेळ आलीच, तर आंगठा मुठीच्या भोंवतीं वळवूं नये. चारही बोटांच्या बाजूसच ठेवावा. हँडल खालून वर ओढावें. वरून खालीं दाबूं नये, व गरगर फिरवूं नये. आणि टायमिंग दिव्यानें तपासलेलें नसेल तर तें दुसऱ्याच्या हातांत मुळींच देऊं नये.

चुकीचीं लक्षणें

ठिणगी फार आधीं पडत असल्यास स्टार्टर अडखळतो, हँडल उलट मारतें, आणि चढावर भार असतां कधीं कधीं खटखट होते. ठिणगी उशिरां पडत असल्यास गाडी ओढ घेत नाहीं, एंजिन लवकर तापतें, पेट्रोल अधिक जातें व सायलेन्सरमध्यें फटके वाजतात. तारांची अदलाबदल झाली असल्यास कार्ब्युरेटरमधून फटका येतो व एंजिन सुरू होतां होतां थांबतें. तेथें टायमिंग न छेडतां प्रथम १-३-४-२ हा क्रम तपासावा. मुळींच कांहीं न झाल्यास पहिल्या सिलिंडरची धांव आंगठ्यानें पुनः पाहावी. ॲम्बेसडर किंवा फियाट बाळगणाऱ्या बंधूंसही कामाची रीत हीच आहे. मात्र अंश व फटीचीं मापें आपापल्या गाडीच्या पुस्तकांतून घ्यावीं.

काम संपल्यावर एका वहींत तारीख, पॉइंटची फट व दिवा लागल्याची खूण लिहून ती वही गाडींतच ठेवावी. सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर ज्याचा विश्वास आहे त्यानें गाडीच्या बाबतींत स्मरणावर कां विसंबावें? दिव्यास व वहीस मिळून अर्धा तास जातो. त्या दिवशीं मीं तोच अर्धा तास वांचविला होता.